‘म्हणून’नंतरचा थांबा

‘म्हणून’ हा शब्द लिहून झाला की पेन पाटीवरून उचललं जायचं आणि एक पूर्णांक चार दशांश सेकंदांनी पुन्हा टेकायचं. सहा उत्तरं, सहा वेळा ‘म्हणून’, आणि सहाही वेळा तेवढंच अंतर. फरक पडलाच तर सेकंदाच्या विसाव्या भागाचा. बाकीच्या शब्दांपाशी पेन कुठे रेंगाळत होतं, कुठे धावत होतं. फक्त या एका शब्दानंतर ते शिस्तीत हवेत थांबत होतं.

हर्षदा तारळेकर बाईंनी पडदा बंद केला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मधली सुट्टी संपायला अजून वेळ होता. शिक्षकांच्या खोलीत त्या एकट्याच होत्या. खूण झालेली सहाही उत्तरं लिहिली जाताना पाहायला चौदा मिनिटं लागली होती. हीच चौदा मिनिटं सहा वर्षांपूर्वी काढायची होती, आणि ‘मी काढली’ असं त्यांनी तेव्हा स्वतःच्या आवाजात सांगूनही टाकलं होतं.

आज शुक्रवार. उद्या, एकतीस ऑगस्टला, त्या निवृत्त होणार होत्या.

विट्याच्या या शाळेत पाट्या आल्या त्याला आता दहा वर्षं झाली होती. कंपनीनं त्या यंत्राला लांबलचक नाव दिलं होतं, पण मुलं पाटीच म्हणत. वहीएवढा पडदा आणि त्यावर लिहायचं पेन. गृहपाठ त्यावर, चाचणी त्यावर, दहावीची परीक्षासुद्धा त्यावर आणि आपल्याच शाळेत बसून. पेनाचं टोक कुठे आहे हे पाटी सेकंदाला दोनशे वेळा टिपायची. पेनावरचा दाब, त्याचा कल, आणि पेन हवेत असतानाचा वेळही.

महत्त्व होतं ते या हवेतल्या वेळाला. माणूस स्वतःचं वाक्य जुळवत लिहितो, तेव्हा तो वाक्याच्या तोंडाशी थांबतो, आणि हे थांबे लहानमोठे असतात. समोरचं पाहून उतरवतो, तेव्हा दर चार-पाच शब्दांनी नजर उचलावी लागते, त्यामुळे थांबे साधारण सारखे पडतात. आणि कुणी सांगतंय ते ऐकून लिहितो, तेव्हा थांबे लिहिणाऱ्याचे नसतातच. ते बोलणाऱ्याच्या श्वासाचे असतात.

सुरुवातीला या मोजणीनं बाईंचं शिकवणं पालटून टाकलं होतं. भिंगाच्या सूत्रात कोण नेमकं कुठल्या चिन्हापाशी अडखळतं, हे त्यांना वर्गात शिरण्याआधी कळायचं. वर्षभर तोंड न उघडणाऱ्या मुलांच्या शंका त्यांना रेघांमध्ये सापडायच्या. पुढे तांदळाच्या दाण्याएवढे श्रवणमणी बाजारात आले. परीक्षेत कानात मणी घालून बाहेरून उत्तरं सांगून घ्यायचा धंदा बोकाळला, आणि कंपनीनं त्याच थांब्यांवरून चोरी ओळखायला सुरुवात केली. मुलाचे नेहमीचे थांबे आणि परीक्षेतले थांबे जुळले नाहीत की पाटी खूण करायची: बाहेरचा आवाज.

तेव्हा राज्याच्या समितीपुढे उभं राहून भांडल्या होत्या त्या तारळेकर बाईच. “मोजू दे यंत्राला,” त्या म्हणाल्या होत्या, “पण मुलाच्या नावापुढे शेरा पडायचा तर तो माणसानंच द्यायचा. त्या मुलाला ओळखणाऱ्या माणसानं.” ते मान्य झालं. नियम असा ठरला: शिक्षकानं खूण झालेलं पूर्ण लेखन पुन्हा पाहायचं, मुलाशी बोलायचं, आणि मग स्वतःच्या आवाजात सांगायचं, ‘मी पाहिलं आहे, मी बोलले आहे, मला पटलं आहे.’ तो आवाज हीच सही. आणि ती मागे घ्यायची, तर ज्यानं दिली त्यानंच, तो नोकरीत असेपर्यंतच.

पहिल्या वर्षी बाईंनी त्रेपन्न प्रकरणं नियमानं पाहिली. त्रेपन्नही खरी निघाली. मुलांनी रडत, कधी हसत कबूल केलं. दुसऱ्या वर्षी त्या लेखन मधूनमधून पळवत पाहू लागल्या. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये एका दुपारी वीज गेली, ती चार वाजता आली. पाच वाजता नोंदणी बंद होणार होती आणि एकतीस प्रकरणं बाकी होती. बाईंनी ते वाक्य एकतीस वेळा म्हटलं. शेवटी शेवटी तर त्या नावंही वाचत नव्हत्या, नुसते क्रमांक. एकशे सतरा हा त्यातलाच एक.

एकशे सतरा म्हणजे शिवन्या सचिन म्हेत्रे.

निकालानंतर तिचे वडील शाळेत आले होते. यंत्रमागावरून थेट उठून आलेले, भुवयांवर कापसाची पूड. हात जोडून ते दारातच उभे राहिले.

“बाई, यंत्र खोटं बोलत न्हाई म्हनत्यात.”

“नाही बोलत.”

“पोरगी बी बोलत न्हाई, मला ठावं हाय. मग मधी कोन खोटं बोललं?”

बाईंना तो प्रश्न उद्धट वाटला होता. दुसऱ्या दिवशी शिवन्या एकटी आली. दोन वेण्या, हातात पाटी छातीशी धरलेली.

“बाई, माझ्या कानात काही नव्हतं. पण एक सांगू का? पेपर लिहिताना मला आवाज येत होता. तुमचाच.”

“माझा?”

“हो ना. तुम्ही सांगताय आणि मी लिहितेय असंच वाटत होतं.”

बाई कपाटात गठ्ठे लावत होत्या. मागे न वळता त्या म्हणाल्या, “शिवन्या, आता गोड बोलून काही होत नाही.”

हे वाक्य त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. त्यानंतर ती मुलगी काय म्हणाली ते आठवत नव्हतं. 

दोन वर्षांनी सांगलीला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. जेवणानंतर झोप उडावी म्हणून प्रशिक्षकानं सगळ्यांना पाट्या वाटल्या आणि म्हणाला, “आज तुम्ही मुलं व्हा. कुठलंही उत्तर लिहा, बघू पाटी काय म्हणते.” बाईंनी शास्त्रीय कारण लिहिलं: तारे लुकलुकतात, पण ग्रह लुकलुकत नाहीत. हे उत्तर त्या झोपेतही लिहू शकल्या असत्या. पाटीवर लाल पट्टी आली. ‘हे थांबे आधीच्या एका नोंदीशी त्र्याण्णव टक्के जुळतात. प्रकरण एकशे सतरा.’

“अरेरे, तारळेकर बाई कॉपी करताना सापडल्या!” मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. बाईही हसल्या. मग पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेल्या आणि जिन्यात बसून फोनवर त्यांनी तो क्रमांक काढला.

दर शनिवारी, सकाळच्या शाळेचा शेवटचा तास त्यांचा असायचा. त्या तासाला त्या ‘शास्त्रीय कारणे लिहा’ची उत्तरं सांगायच्या आणि मुलं लिहायची. कारण सांगून झालं की त्या ‘म्हणून’ म्हणायच्या आणि थांबायच्या. वर्गावरून एकदा नजर फिरवायच्या, पुढचं वाक्य मुलांनी मनातल्या मनात पुरं करावं यासाठी. मग स्वतः सांगायच्या. पंचवीस वर्षांची ही सवय. तिची मोजणी कधी कुणी केली नव्हती. पाटीनं केली, तेव्हा ती एक पूर्णांक चार दशांश सेकंद भरली.

बाकीच्या मुलांच्या लिखाणात तो थांबा पुसट होता, कारण त्यांनी निम्मंच ऐकलं होतं. एका मुलीनं सगळं ऐकलं होतं. पाटीनं मोजलं त्यात चूक नव्हती. आवाज बाहेरचा होता, खरंच होता. फक्त तो कानात नव्हता, वर्षभराचा साठलेला होता. हे ओळखायला माणूस लागत होता, आणि त्यासाठी नेमलेला माणूस त्या दुपारी क्रमांक वाचत होता.

त्याला चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी शाळेची तपासणी होती, तेव्हा नको वाटलं. दुसऱ्या वर्षी शाळेला जिल्ह्याचा मान मिळाला. तिसऱ्या वर्षी बाईंनी स्वतःची समजूत घातली की मुलगी आता कॉमर्सला रमली असेल, जुनं उकरून तिलाच त्रास होईल. चौथ्या वर्षी कारणच लागलं नाही. न बोलण्याचीही सवय होते.

घंटा झाली. बाई उठल्या आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

गुळवणी सर निरोप समारंभाची यादी करत होते. “या बाई. शाल की पैठणी? खरं सांगा, नंतर नावं ठेवू नका.”

बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सरांनी पेन खाली ठेवलं. 

“एक दिवस राहिलाय, बाई.”

“म्हणूनच आलेय.”

“नियम तुमचाच आहे, मी काय सांगू तुम्हाला? एक शेरा मागे घेतला की त्या दिवसाचे सगळे उघडतात. एकतीसच्या एकतीस. चौकशी पुरी होईपर्यंत शाळेचं परीक्षा केंद्र बंद. यंदाची नव्वद पोरं खानापूरला जाऊन परीक्षा देणार. त्यांनी काय केलंय?”

“काही नाही.”

“आणि तुमचं नाव. चांगली बत्तीस वर्षं.”

“तेही आहेच.”

सर पुढे झुकले. आवाज खाली आणून म्हणाले, “उघडून काय निघेल याचा विचार केलाय का? त्या एकतीसांत चुकलेली एकच आहे, हे तरी तुम्हाला नक्की माहीत आहे का?”

त्यांनी ते भीती घालायला विचारलं होतं. बाईंनी मात्र ते प्रश्न म्हणूनच ऐकलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “माहीत नाही.”

 सर यादी ओढून घेत पुटपुटले, “शालच ठेवतो.”

निवृत्तीचे कागद ऑनलाइन भरायचे होते, आणि सगळं गाव सांगे की ते म्हेत्रेच्या सेवा केंद्रात द्यावेत, तिथे अर्ज परत येत नाही. बाई महिनाभर टाळत होत्या. आज दुपारी त्या गेल्या.

यंत्रमागांच्या गल्लीच्या तोंडाशी एक गाळा. आत दोन पडदे, एक छपाईचं यंत्र, भिंतीला खुर्च्या. मागांची खटखट भिंतीतून येत होती. एक म्हातारे गृहस्थ टेबलावर अंगठा दाबून धरून बसले होते.

“आबा, अंगठा टेकवायचाय, चिरडायचा नाही,” शिवन्या त्यांना सांगत होती. “यंत्राला बी दुखतंय.”

“मग घे की लवकर! अर्धा तास झाला माझा अंगठा तुझ्यापाशी गहाण हाय.”

शिवन्या हसली, आणि हसतानाच तिला बाई दिसल्या. ती उठून उभी राहिली. वर्गात उठायची तशी.

“बाई! या ना. बसा. आबा, जरा सरका, आमच्या बाई आहेत.”

वेण्या जाऊन केस कापलेले होते. बोटांवर शाईचे डाग. तिनं बाईंचे कागद घेतले, एकेक चाळला, आणि विचारायच्या आतच निम्मे रकाने भरूनही टाकले. बाई तिच्या हातांकडे पाहत होत्या. हात कुठेच अडत नव्हते.

“तू काय करतेस आता? म्हणजे, याशिवाय?”

“हेच. कॉमर्सला दोन वर्षं गेले, पण जीव नाही लागला.” ती पडद्याकडे बघतच बोलत होती. “लॅबचा कोर्स आहे सांगलीला, रक्त-लघवी तपासायचा. तो करायचाय. अर्ज भरून ठेवलाय मी. तिसऱ्या पानावर अडतो.”

“अडतो म्हणजे?”

“सचोटीचा रकाना असतो ना. दहावीची नोंद आपोआप येते तिथं. विज्ञानाच्या कुठल्याही कोर्सला येते.” तिनं ते पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. “उद्या शेवटची तारीख आहे. दरवर्षी भरून बघते. सवय.”

आबा म्हणाले, “हुशार पोर हाय, बाई. माझा तीन वर्षांचा अडकलेला दाखला हिनं दोन दिसांत काढला.”

बाईंनी विचारलं, “शेरा मागे घेता येतो, हे तुला माहीत होतं?”

“हो की. गेल्या महिन्यातच एकाचा भरून दिला, आळसंदच्या सरांनी मागे घेतला.”

“मग माझ्याकडे का आली नाहीस कधी?”

शिवन्याची बोटं पहिल्यांदा थांबली. “काय म्हणून येऊ, बाई? तुम्ही पाहिलंय असं लिहिलंय ना तिथं. तुम्ही पाहिल्याशिवाय कशाला लिहाल?” मग जरा वेळानं, आणखी हळू, “आधी मी भांडायचे घरी. नंतर नंतर मलाच वाटायला लागलं, असेल, खरंच सांगितलं असेल कुणीतरी. मला आवाज तर येत होता ना.”

भिंतीपलीकडचा एक माग बंद पडला. तेवढ्यापुरती खटखट विरळ झाली आणि पुन्हा भरून आली.

बाईंना वाटलं होतं, मुलगी रागावलेली असेल. रागाची तयारी त्यांनी चार वर्षं केली होती. आपण तिचा स्वतःवरचाच विश्वास काढून घेतला असेल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“झालं, बाई. हे शेवटचं.” शिवन्यानं पडदा त्यांच्याकडे वळवला. “निवृत्त होताना तुमचे सगळे शेरे कायम करायचे असतात. दोनशे चौदा आहेत. हे वाक्य वाचायचं फक्त.” तिनं छोटा माईक पुढे सरकवला. “एका दमात वाचा हां. मधे थांबलं तर परत घ्यायला लावतं.”

पडद्यावर वाक्य होतं: ‘मी दिलेले सर्व शेरे मी स्वतः पाहून दिले असून ते कायम करत आहे.’ खाली दोन बटणं. पहिलं हिरवं. दुसरं करडं, बारीक अक्षरांचं.

बाईंनी माईक हातात घेतला आणि खाली ठेवला.

“दुसरं दाब.”

“बाई, ते दुसरं म्हणजे…”

“वाचलंय मी. दाब.”

शिवन्यानं त्यांच्याकडे पाहिलं. हात बटणाशी नेला, पण दाबला नाही. “त्यात क्रमांक सांगावा लागतो. आणि कारण बोलावं लागतं. तोंडी. एकदा बोललं की बदलता येत नाही, बाई. तुमच्या नोंदीत जातं ते.”

“कारणच ना? मी आयुष्यभर दुसरं काय सांगितलंय?”

 शिवन्यानं बटण दाबलं. माईकवरचा लाल ठिपका लागला.

बाई उठून उभ्या राहिल्या. बसून त्यांना कधी सांगता आलं नव्हतं.

“मी, हर्षदा वसंत तारळेकर. प्रकरण क्रमांक एकशे सतरा.” आवाज शनिवारच्या तासाचा, सावकाश, शब्द सुटे करणारा. “हे लेखन मी पाहिलं नव्हतं. मुलीशी मी बोलले नव्हते. ती आपण होऊन सांगायला आली, तेव्हा मी ऐकलं नाही. तिच्या उत्तरांतले थांबे माझे आहेत. वर्गात मी अशीच सांगते, आणि तिनं ते सगळ्यांत नीट ऐकलं होतं. हे मला चार वर्षांपासून माहीत आहे.”

शिवन्याचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट आवळला गेला होता. ती माईककडे बघत होती, बाईंकडे नाही. सहा वर्षांतलं काहीही या वाक्यांनी परत येणार नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं. कारण पुरं व्हायला मात्र एक वाक्य बाकी होतं.

“म्हणून,” बाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

नजर सवयीनं समोर गेली. आबा, रिकाम्या खुर्च्या, शिवन्या. शिवन्यानं आता मान वर केली होती. तिचे ओठ किंचित हलले, वर्गात हलायचे तसे. पण हे वाक्य पुरं करणं तिचं काम नव्हतं.

“मी माझा शेरा मागे घेते.”